कोकमाला रातांबे धरत नाहीत? झाड वांझ नाही, बहुतेक नर आहे

एप्रिल-मे आला की कुणी ना कुणी विचारतंच, आमच्या परसातलं कोकम चांगलं दहा वर्षांचं झालं, वाढलंय पण मस्त, फुलं येतात, पण रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, म्हणून एक दिसत नाही, काय करू? मग त्याला शेणखत घालून होतं, बुंध्यात मीठ टाकून होतं, कोणीतरी व्हॉट्सअॅपवर आलेला ताकाचा उपाय सांगतं तोही करून होतो, झाड ढिम्म. आणि मग एक दिवस घरातलं मोठं माणूस म्हणतं, "ह्या झाडाक रातांबे धरणत नाय, तोडून टाकूया."

थांबा जरा. दहातल्या बहुतेक वेळा त्या झाडाला काहीही झालेलं नसतं. ते नर असतं, एवढंच. त्याला जन्मात फळ धरणार नाही, कितीही खत घाला.

झाडांमध्ये नर-मादी असतात हे शाळेत एका धड्यात येऊन जातं आणि आपण परीक्षेनंतर विसरतो, पण कोकणात ज्याच्याकडे चार गुंठे परस आहे त्याच्या दारात हा धडा रोज उभा असतो. कोकम, जायफळ, पपई, केवडा, तोंडली, फागलं (करटोली) या सगळ्यांत ही भानगड आहे. नारळ आणि फणसात आहे पण वेगळ्या पद्धतीने. जरा नीट समजून घेतलं तर बरेच पैसे आणि सात-आठ वर्षं वाचतात, म्हणून हे लिहितोय.

आधी सोपं घेऊ. दारातली जास्वंद बघा. फुलाच्या मधून जो लांब दांडा बाहेर आलेला असतो त्याच्यावर पिवळे बारीक ठिपके लागलेले असतात, बोट लावलं की पिवळी पूड लागते, ती पूड म्हणजे परागकण, नराचा भाग. आणि त्याच दांड्याच्या अगदी टोकाला पाच छोटे लाल गोळे असतात, मखमली, ते मादीचे, पराग तिथे चिकटावा लागतो. म्हणजे एकाच फुलात दोघांचाही संसार. जगातली बहुतेक फुलझाडं अशीच आहेत.

दुसरा प्रकार, झाड एकच पण नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. नारळ, फणस, भोपळा, काकडी, पडवळ, एरंड हे सगळे यातले. आणि तिसरा प्रकार म्हणजे झाडंच वेगळी, एक झाड पूर्ण नर, दुसरं पूर्ण मादी. हा प्रकार कमी आहे, सगळ्या फुलझाडांत मिळून साधारण शंभरात पाच-सहा जाती अशा निघतात, पण आपल्या नशिबाने त्यातल्या बऱ्याच नेमक्या कोकणच्या परसात येऊन बसल्यात.

बाय द वे, झाडांना लिंग असतं हे प्रयोग करून दाखवलं त्याला फार जुना काळ झालेला नाही. कॅमेरारियस नावाच्या जर्मन माणसाने 1694 मध्ये ते छापलं. त्याने केलं काय, तर एरंडाची नर फुलं उमलायच्या आधीच खुडून टाकली, आणि बघितलं की मादी फुलांना धड बी धरत नाही. बास. इतका साधा प्रयोग, आपल्या कुंपणाच्या एरंडावर आपणही करू शकतो. खजुराच्या देशातल्या शेतकऱ्यांना मात्र हे त्याच्या हजारो वर्षं आधीपासून ठाऊक होतं, ते नर खजुराचा तुरा तोडून मादी झाडावर नेऊन झटकायचे. ग्रंथात यायला वेळ लागला.

आता कोकमाकडे येऊ. कोकमाला साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात फुलं येतात, आणि झाड नर की मादी हे ओळखायची खरी वेळ तीच. मे महिन्यात डोकं खाजवून उपयोग नाही, तेव्हा फुलं गेलेली असतात. थंडीत एखादी खालची फांदी वाकवून बघा, मोबाईलचा कॅमेरा झूम केला तरी पुरे. फूल छोटं असतं, चार जाड मांसल पाकळ्या. नर झाडावर ही फुलं घोसाने येतात, पानांच्या बेचक्यात चार-सहा-आठ एकत्र, आणि फुलाच्या मध्ये पिवळसर पुंकेसरांचा गच्च गोळा दिसतो. मादी झाडावर फुलं कमी, बहुतेकदा एकेकटी किंवा दोन-तीन, आणि मध्यभागी पुंकेसरांच्या गर्दीऐवजी एक हिरवा गोल टणक मणी, डोक्यावर चपटी टोपी घातलेला. तो मणी म्हणजेच पुढचा रातांबा. एकदा डोळ्याला सवय झाली की लांबूनच कळतं. आणखी एक ढोबळ खूण म्हणजे नर झाडाखाली फुलांचा सडा पडतो, कारण नर फूल उमलून काम झालं की गळतं, त्याला पुढे काही व्हायचंच नसतं. त्यामुळे जे झाड फुलांनी सगळ्यात जास्त लगडतं त्यावर आपण जास्त आशा लावतो आणि तेच नेमकं नर निघतं. क्वचित एखाद्या झाडावर दोन्ही तऱ्हेची फुलं पण सापडतात, पण त्या भरवशावर राहू नका.

पानांवरून ओळखता येतं का? सगळे हेच विचारतात. नाही येत. नर्सरीवाले सांगतात की मादीचं पान रुंद असतं, कोणी म्हणतो बियांचा आकार बघा, कोणी म्हणतो फांद्यांचा कोन बघा. फूल यायच्या आधी डोळ्याने बघून कोकम किंवा जायफळ नर की मादी हे सांगणारा माणूस अर्ध्या वेळा बरोबर येणारच, नाणं उडवलं तरी तेवढंच येतं.

कारण बी लावलं की निम्मी रोपं नर आणि निम्मी मादी, साधारण असाच हिशोब पडतो. आणि बियांपासून वाढवलेलं कोकम फुलावर यायला सात-आठ वर्षं घेतं. म्हणजे बांधावर दहा रोपं लावली, आठ वर्षं पाणी घातलं, गुरांपासून राखली, आणि आठव्या वर्षी कळलं की पाच जणांचा उपयोग फक्त पराग द्यायला. आपल्याकडे कोकमाची लागवड वर्षानुवर्षं बागेसारखी कोणी केलीच नाही, बांधावर, ओहळाच्या कडेला, परसाच्या कोपऱ्यात बी पडलं आणि रुजलं, त्यामुळे इतकी वर्षं कोणाला हा हिशोब टोचला नाही. झाडं फुकट होती. आता कोकमाला भाव आलाय, सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला जीआय टॅग, म्हणजे त्या भागाच्या नावाची कायदेशीर ओळख आहे, आगळ (रातांब्याचा खारवलेला रस) आणि आमसुलं ऑनलाइन विकली जातात, आणि लोक मुद्दाम लागवड करायला लागलेत, मग निम्मी झाडं नर निघणं परवडत नाही.

यावर उत्तर कलम. कलम म्हणजे ज्या झाडाला चांगले रातांबे धरतात हे आपण डोळ्याने बघितलंय त्याचीच काडी दुसऱ्या रोपावर बसवायची. काडी मादीची तर वरचं झाड मादीच, त्यात लॉटरी नाही, खालचं रोप नर होतं की मादी याने फरक पडत नाही. शिवाय काडी वयाने मोठ्या झाडाची असल्यामुळे फळही लवकर, चार-पाच वर्षांत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' ही जात काढली ती अशीच निवडून काढलेली, आणि तिची कलमंच घ्यायची असतात, तिच्या बियांपासून केलेलं रोप कोणी 'अमृता' म्हणून विकत असेल तर ते अमृता नाही, पुन्हा नाणं उडवणंच आलं.

पण इथे एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. कोकमाला दोन तऱ्हेच्या फांद्या असतात. एक शेंडा, जो सरळ आकाशाकडे जातो, आणि दुसऱ्या त्याच्यातून निघालेल्या आडव्या फांद्या, ज्या बाजूला पसरतात आणि जरा खाली झुकतात. गंमत अशी की आडव्या फांदीची काडी घेऊन कलम केलं तर ती काडी आपण आडवी होतो हे विसरत नाही! नव्या रोपावर उभी बसवली तरी ती आडवीच वाढत जाते, मग झाड उंच न होता बुटकं, जमिनीवर लोळल्यासारखं पसरतं. शेंड्याची काडी घेतली तर झाड सरळ, शंकूसारखं वाढतं. आंब्याला असलं काही नसतं, कुठलीही चांगली काडी चालते, त्यामुळे आंब्याची कलमं करणारा हात कोकमावर बसला की हमखास गडबड होते. सरळ शेंडे एका झाडावर मोजकेच असतात, आडव्या फांद्या ढीगभर, म्हणून नर्सरीला आडव्या काड्या वापरायचा मोह होतो. तेव्हा कलम घेताना रोप हातात धरून बघा, कलमाच्या वरचा भाग सरळ उभा चाललाय की एका बाजूला कलतोय. कलणारं सरसकट वाईट असं पण नाही, झाड बुटकं राहिलं की रातांबे काढायला सोपं जातं, काही जण मुद्दाम तसंच घेतात. फक्त आपण काय घेतोय ते माहीत असावं.

बरं, मग सगळीच मादी कलमं लावायची का? तर नाही. पराग कुठून येणार? दहा झाडांत एक नर ठेवायची शिफारस असते. तुमचं एकच झाड असेल आणि आजूबाजूच्या परसांत, बांधांवर जुनी कोकमं असतील तर चिंता नको, त्यातली निम्मी नरच असणार. माळरानावर कुंपण घालून नवीन बाग करताय, आसपास कोकमाचं झाड नाही, तर नर लावावाच लागेल. म्हणून म्हटलं ते नर झाड लगेच तोडू नका. शेजाऱ्याच्या रातांब्यांचा बाप तुमच्या परसात उभा असू शकतो.

जायफळाची गोष्ट हीच, फक्त पैसे जास्त अडकलेले. मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं हे झाड आपल्या नारळ-पोफळीच्या सावलीत झकास रमलं, आणि वाडीत सावलीच्या जागेतून उत्पन्न काढायचं तर जायफळ-जायपत्रीसारखं दुसरं काही नाही. इथेही बी लावलं तर निम्मी नर, इथेही सहा-सात-आठ वर्षांनी कळणार, इथेही सरळ काडी आणि आडवी काडी हा फरक आहे, आणि इथेही दहाला एक नर पुरतो. जायफळात नर निघालेलं झाड वाया घालवत नाहीत. ते छाटतात, छाटलेल्या जागी नवे धुमारे फुटतात, त्यावर मादीची काडी किंवा डोळा बांधतात, मग खालची मुळं जुनी आणि वरचं झाड नवं. मुळं आठ वर्षांची असल्यामुळे वाढ झपाट्याने होते. कोकमातही हे करता येतं. एखादी फांदी तशीच नर ठेवून बाकीच्यावर मादीच्या काड्या भरल्या तर एकाच बुंध्यावर दोन्ही होतात, जागा कमी असेल तर हा सगळ्यात शहाणा मार्ग असं माझं मत आहे.

आता पपई. पपईत थोडी जास्त गंमत आहे कारण तिथे दोन नाही तर तीन तऱ्हेची झाडं असतात. नर, ज्याला लांब लोंबत्या दांड्यांवर बारीक फुलांचे झुबके येतात. मादी, जिची फुलं मोठी, खोडाला चिकटून. आणि तिसरी, जिच्या एकाच फुलात दोन्ही असतं. 'वॉशिंग्टन' सारख्या जुन्या जातीत नर आणि मादी असेच निघतात, म्हणून आजी एका आळ्यात तीन-चार रोपं लावायची आणि फुलं आली की नर उपटून टाकायची, शेवटी आळ्यात एक उरेल असं. अगदी शास्त्रशुद्ध काम. हल्ली जी 'तैवान 786' लावतात तिच्यात नर निघतच नाही, एक तर मादी नाहीतर दोन्हीवाली. प्रमाण पण निम्मं-निम्मं नाही, दोन्हीवाल्या दोन तर मादी एक असं. याचं कारण असं की पपईत माणसासारखी एक्स-वाय गुणसूत्रांची पद्धत आहे, आणि ज्या बीला दोन्हीकडून वाय येतं ते बी जगतच नाही, चारातला तो एक हिस्सा सुरुवातीलाच गळतो, उरतात तीन, दोन अशा आणि एक तशी. बाजारात जी लांबट पपई मिळते ती बहुतेक दोन्हीवाल्या झाडाची आणि गोल गरगरीत असते ती मादीची.

आणि तो खिळा! नर पपईच्या खोडात लोखंडी खिळा ठोकला की फळ धरतं हे रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत कुठेही ऐकायला मिळेल. खिळ्याने काही होत नाही. पपईचं नर झाड हवामान बदललं की कधीकधी आपणहून थोडी दोन्हीवाली फुलं काढतं आणि लांब दांड्यावर दोन-चार वेडीवाकडी फळं लोंबतात. ज्याने त्याच्या आधी खिळा ठोकला होता तो सगळ्यांना सांगत सुटतो. ज्यांनी ठोकला आणि काही झालं नाही ते कोणाला सांगत नाहीत.

नारळाचं वेगळं. नारळात नर झाड-मादी झाड असा प्रकार नाही, त्यामुळे "हा माड नर आहे" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, उघडली की तिच्या प्रत्येक काडीवर खालच्या बाजूला एखाद-दोन गोल बोंडं दिसतात, ती मादी, आणि वर टोकापर्यंत तांदळाच्या दाण्यांसारखी शेकडो नर फुलं. आपल्या बाणवली या उंच जातीत नर फुलं आधी उमलून दोन-तीन आठवड्यांत संपतात आणि बोंडं त्यानंतर तयार होतात, म्हणजे एकाच पोयीतला पराग त्याच पोयीला उपयोगी पडत नाही, दुसऱ्या माडावरून वाऱ्याने किंवा मधमाशीने यावा लागतो. ठेंगू जातीत हे दोन्ही काळ एकमेकांवर येतात, म्हणून त्यांचं घरच्या घरी भागतं. रत्नागिरीजवळच्या भाट्येच्या नारळ संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी उंच आणि ठेंगू यांचा संकर करतात तेव्हा माणूस माडावर चढून आधी नर फुलं खुडून काढतो, मग हवा तो पराग बोंडांना देतो. संकरित नारळाचं रोप महाग का, याचं हे एक कारण. आणि बोंडं गळतात म्हणून घाबरणाऱ्यांसाठी, निम्म्याहून जास्त बोंडं गळणं हे माडाचं नेहमीचंच आहे.

फणसाला नवीन माणूस फसतो तो असा की फांद्यांच्या टोकाला अंगठ्याएवढे हिरवे लांबट फणसासारखे दिसणारे बोटुक येतात, काही दिवसांनी काळे पडून, बुरशी येऊन गळतात, आणि माणूस औषध फवारायला निघतो. ती नर फुलं. त्यांनी गळायचंच असतं. खरा फणस खोडावर किंवा जाड फांदीवर, जाडजूड देठाचा. तो सुद्धा एक फळ नाही, शेकडो मादी फुलांचा गुच्छ आहे, ज्या फुलाला पराग मिळाला त्याचा गरा झाला, ज्याला नाही मिळाला ते गऱ्यांच्या मधले चिवट पट्टे होऊन राहिलं. म्हणून काही फणस कापल्यावर गरे कमी आणि पट्टेच जास्त निघतात.

मिरवेलीबद्दल थोडक्यात, रानातली मिरी नर-मादी वेगळी असते, पण पन्नियूरसारख्या लागवडीच्या जातींत बहुतेक फुलं दोन्हीवाली. तिथे पराग पसरवायला मुख्य मदत पावसाची, थेंब लोंबत्या तुऱ्यावरून ओघळत खाली येतात आणि पराग सोबत नेतात. फार दाट सावली असेल तर वेल मादी फुलंच जास्त काढतो आणि तुरे अर्धवट भरतात, म्हणून पावसाआधी वरच्या आधाराच्या झाडाच्या फांद्या थोड्या विरळ करायच्या.

ज्याला आपण केवडा म्हणून गणपतीला वाहतो तो वासाचा तुरा फक्त नराचा. मादी झाडाला अननसासारखं केशरी फळ येतं, वास नाही. खाडीच्या कडेला केवड्याचं बन आहे पण वास कधीच येत नाही अशी जागा असते ना, ते बन मादीचं, आणि केवडा फुटव्यांनी पसरतो म्हणून एका झाडाचं अख्खं बन झालं तरी लिंग एकच राहतं.

राहिलं फागलं, म्हणजे घाटावरची करटोली. पावसात बाजारात याचा भाव ऐकून दरवर्षी कोणीतरी बिया आणून लावतो, वेल मांडवभर जातो, पिवळी फुलं येतात आणि भाजी शून्य. याचे वेलही नर आणि मादी वेगळे. मादी फुलाच्या खाली काटेरी इवलंसं फागलं आधीच असतं, नर फुलाच्या खाली नुसता देठ. बियांपेक्षा कंद लावा, ज्या वेलाला भाजी धरली त्याचा कंद ओळखून, पाऊस संपून वेल सुकला तरी जमिनीखाली तो टिकतो, तिथे काठी रोवून खूण करून ठेवायची. एक नर वेल दहाएक मादींना पुरतो. फुलं संध्याकाळी उमलतात आणि पतंगांवर सगळं अवलंबून, त्यात पाऊस लागला तर पतंग फिरकत नाहीत, म्हणून हातानेच करावं. दिवेलागणीनंतर टॉर्च घेऊन जायचं, नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्ये हलकेच टेकवायचा. एक नर फूल तीन-चार मादींना होतं. लागलं की नाही ते काही दिवसांत कळतं, लागलं असेल तर खालचं फागलं फुगायला लागतं, नाहीतर पिवळं पडून देठासकट गळतं. तोंडलीला यातलं काही करायला लागत नाही, ती आपण मादी वेलाच्या फांदीपासूनच लावत आलोय आणि तिला परागाशिवायही तोंडली धरतात. फांदी मात्र धरणाऱ्या वेलाचीच मागून घ्यायची, कुंपणावरच्या रानतोंडलीची नको, ती नर असू शकते आणि नसली तरी कडू निघते.